पिंप कोमट कसं राहिलं

१

सोमवारी सकाळी साडेसातला साबणाच्या कारखान्यातलं काचेचं कपाट रिकामं सापडलं, आणि आठ वाजायच्या आत काकू चोर ठरली.

त्या कपाटात एकच वस्तू असायची, ठसा. तळहाताएवढी, दोन बोटं जाड, हलक्या धातूची पाटी. तिच्या एका अंगाला दोन पानांची जोडी उलटी कोरलेली. पाटी ओततानाच तिच्यात एक पोलादी बोल्ट बसवलेला, आणि त्या बोल्टावर फिरवून घट्ट केलेली लाकडी मूठ. तीस वर्षांत कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक वडीवर ही दोन पानं उमटली होती. गिऱ्हाईक दुकानात साबण मागायचं तेही 'दोन पानांचा द्या' असंच.

फौजदारबाई दहाला पोचल्या. बरोबर जमादार होते, आणि जमादारांच्या खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी होती. डबा मागे ठेवून जमादार कधी कुठल्याही तपासाला गेले नव्हते. चोर आज नाही तर उद्या सापडतो, पण दुपारचं जेवण उद्यावर टाकता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड, अशी ती दुमजली इमारत. थोरला पुतण्या दारातच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, आणि घसा पार बसलेला.

"सगळं स्पष्ट आहे, बाईसाहेब," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शनिवारी पाचला कारखाना बंद झाला. सगळ्यात शेवटी काकू गेल्या. फाटकावर प्रत्येकाची पिशवी बघतात, त्यांची बघत नाहीत. घरच्या माणसाची कशी बघणार? त्यांना मुलीबरोबर स्वतःचा साबण काढायचाय. ठसा हवा होता, नेला."

"तुमचा घसा कशानं बसला?"

थोरल्यानं चमकून पाहिलं. "हवा बदललीय ना. बायको मिठाच्या गुळण्या करायला लावतेय."

"करा, करा. बरं वाटेल," फौजदारबाई म्हणाल्या. "काकूंच्या घराची झडती झाली?"

"तुमच्या माणसांनी सकाळीच घेतली. काही मिळालं नाही. पण अर्धा किलोची वस्तू, लपवायला काय वेळ लागतो?"

वेळ लागत नाही, हे फौजदारबाईंनाही पटलं. त्यांना न पटलेली गोष्ट वेगळीच होती. शनिवारी चोरी झाली, सोमवारी कळली, आणि मधल्या अख्ख्या रविवाराबद्दल ह्या माणसानं अवाक्षर काढलं नव्हतं.

२

काकू माल भरायच्या खोलीत एका उलट्या खोक्यावर बसली होती. साठीची बाई, कोपरापर्यंत सोड्याच्या जुन्या डागांचे हात, पदर खोचलेला. तिला साबणाच्या कढईपाशी जायला बंदी केली होती, आणि चोरीच्या आरोपापेक्षा ते तिला जास्त लागलेलं दिसत होतं.

"काकू, सरळ विचारते," फौजदारबाई समोर बसल्या. "ठसा तुम्ही घेतला?"

"माझीच वस्तू मी चोरून कशाला नेऊ?"

"तुमची कशी?"

"हा कारखाना दोघा भावांनी काढला. थोरला भाऊ म्हणजे ह्या पोरांचा बाप, धाकटा म्हणजे माझा नवरा. पाटी माझ्या नवऱ्यानं ओतली, मूठ भाऊजींनी घासली. कागदपत्र वगैरे त्या काळी कोण करत होतं? पाटीच्या पाठीवर खिळ्यानं लिहून ठेवलं. 'ही निशाणी दोघा भावांची, निम्मी निम्मी.' खाली दोघांच्या सह्या. दोन वर्षांत माझा नवरा गेला. भाऊजींनी मला कढईवर उभं केलं, हाताला धरून शिकवलं. चार महिन्यांपूर्वी तेही गेले."

"आणि तुम्ही वेगळं व्हायचं ठरवलंत."

"भांडून नाही हो. थोरल्याला सगळं मशीनवर न्यायचंय, त्यात माझं काय काम? शनिवारी सकाळी म्हटलं, मी आणि माझी लेक लहानसं काहीतरी काढतो, वडीवर दोन पानं उठवू. तो म्हणाला, कुठल्या हक्कानं? मी म्हटलं, ठसा उलटा कर आणि वाच. त्यानं वाचलं. त्याला ठाऊकच नव्हतं, बाईसाहेब. उभ्या जन्मात त्यानं ठसा उलटा करून बघितला नव्हता. आजपर्यंत मला 'काकू, तू' म्हणायचा. आज सगळ्यांदेखत 'तुम्ही' म्हणाला."

फौजदारबाईंनी तिला पाणी दिलं. हा पुरावा दुधारी होता. ठशाच्या पाठीवर काकूचा हक्क लिहिलेला, म्हणून तो जपायला काकूनंच नेला असेल, असं कोणताही वकील म्हणाला असता.

"शनिवारी आणखी काय केलंत? अगदी बारीकसारीक सांगा."

"रोजचंच. दुपारी बाराला सोड्याचं पिंप लावलं. चाळीस लिटर पाण्यात कॉस्टिक सोडा थोडाथोडा सोडायचा. पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. सोडा विरघळताना पाणी असं तापतं की खाली जाळ घातलाय असं वाटावं. मग झाकण टाकायचं आणि सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. गार झाल्याशिवाय तेलात घालत नाही मी."

"सोमवारी गार होतं?"

काकूनं आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं.

"कोमट होतं," ती म्हणाली. "पिंपाला बाहेरून हात लावला, तर कोमट. चाळीस तास उलटून गेले होते. शनिवारची ऊब फार तर रविवार सकाळपर्यंत राहते. मला वाटलं, माझेच हात म्हातारे झाले."

३

धाकट्या पुतण्याचं टेबल खिडकीशी होतं. काचेच्या नळ्या, बाटल्या, वही. तो रसायन शिकून आला होता आणि बोलायला कोणाला भीत नव्हता.

"ठसा गेला ते एका परीनं बरंच झालं," तो म्हणाला. "मशीनचा साचा येणारच आहे. पण काकू चोरी करणार नाही. ती तिळाएवढा सोडा सांडला तरी वहीत लिहिते. मला खरी काळजी आजच्या कढईची आहे."

"काय झालं कढईला?"

"साबण धरतच नाहीये. दाणेदार, चिकट, मधेच करडे ठिपके. मी पिंपात राहिलेलं सोड्याचं पाणी तपासायला घेतलं. हे बघा."

त्यानं एका नळीत थोडं पाणी घेतलं आणि त्यात आम्लाचे थेंब सोडायला सुरुवात केली. काही थेंबांपर्यंत काही झालं नाही. मग नळीत पांढरं, गिळगिळीत, साबुदाण्याच्या खळीसारखं काहीतरी दाटून आलं.

"चांगलं कॉस्टिक असलं तर असं होत नाही," धाकटा म्हणाला. "आम्ल टाका, थोडं गरम होईल, स्वच्छ खारं पाणी उरेल. ह्यात सोड्याशिवाय दुसरं काहीतरी विरघळलंय. व्यापाऱ्यानं भेसळ केली असणार."

"त्याच पोत्यातला सोडा मागच्या आठवड्यात वापरला होता?"

"हो. तेव्हा तर ठीक होता." तो स्वतःच थबकला. "खरंच की. पोतं तेच आहे."

"मग कढई तशीच का लावलीत? पाणी आधी का नाही तपासलं?"

"वेळच दिला नाही दादानं. सकाळी सातलाच सोड्याच्या खोलीच्या दारात उभा. ऑर्डर आहे, घाला घाला, म्हणून काकूच्या मागे लागला. आठ वर्षांत त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता त्यानं. वासानं डोकं चढतं म्हणतो."

"काल रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"सासुरवाडीला. बायको, मुलं, सगळे. सकाळी आठला निघालो, परतलो तेव्हा दिवे लागले होते. वहिनीही दिवसभर माहेरी होती. घरी दादा एकटाच होता."

फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, तेव्हा तो मान खाजवत म्हणाला, "काल दुपारी सोड्याच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. मला वाटलं, काकू शनिवारी लावायला विसरल्या. थोरले साहेब म्हणाले, असू देत, तू घरी जाऊन निवांत जेवून ये. मी गेलो."

"साहेब काय करत होते?"

"सिगारेट ओढत होते. पार त्या टोकाच्या भिंतीपाशी, उन्हात. एरवी कारखान्याच्या सावलीत, त्याच खिडक्यांखाली ओढतात."

जमादार फौजदारबाईंच्या कानाशी लागले. "उन्हात सिगारेट ओढणं काही गुन्हा नाही, बाई."

"नाही. पण सावली सोडून कोणी उगाच उन्हात जात नाही, जमादार. चला, ती खोली बघू."

४

सोड्याची खोली लांबट आणि स्वच्छ होती. दगडी फरशी, एका भिंतीला तीन खिडक्या, मधोमध लाकडी चौथऱ्यावर पोलादी पिंप. काकूला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं होतं. आपल्या खोलीत पाय ठेवताच बाईचा कणा ताठ झाला.

पिंपाच्या काठावरून बाहेरच्या अंगाला पांढरे ओघळ सुकले होते. फौजदारबाई वाकल्या.

"हात नका लावू!" काकू म्हणाली. "सोडा सुकलाय. कातडी जाईल."

"तुमच्याकडून उतू गेलं होतं?"

"माझं पिंप इतक्या वर्षांत उतू गेलेलं नाही. मी वरची चार बोटं रिकामी ठेवते."

एवढ्यात जमादारांनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि खांदा मोकळा करावा म्हणून डबा बाहेर काढून पिंपाशेजारच्या फळीवर ठेवला. काकू अशी ओरडली की जमादार दोन पावलं मागे सरकले.

"उचला! आधी तो डबा उचला! अ‍ॅल्युमिनियम ह्या खोलीत आणायचं नाही!"

"अहो, रिकामा नाही तो, जेवण आहे त्यात..."

"जेवण राहील, डबा राहायचा नाही!" तिनं भिंतीकडे बोट केलं. दाराच्या वर, जुन्या निळ्या रंगात, भाऊजींच्या हातचं लिहिलेलं होतं: लोखंड चालेल, लाकूड चालेल, अ‍ॅल्युमिनियम आत आणू नये.

जमादारांनी डबा छातीशी धरला. फौजदारबाई मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे वीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर आलं होतं. नवी नवरी, करपलेलं पातेलं आणि मोरी साफ करायच्या सोड्याचा डबा. त्यांनी पातेल्यात सोडा आणि पाणी घातलं, आणि पातेलं फसफसायला लागलं, कढत झालं, काळं पडलं. सासूबाईंनी ते पातेलं उजेडासमोर धरून बुडाची भोकं मोजून दाखवली होती. सून फौजदार झाली तरी सासूबाई पाहुण्यांना ती गोष्ट अजून सांगत.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "ठशाची पाटी कुठल्या धातूची होती?"

काकूनं तोंड उघडलं. आणि तिचा चेहरा पिंपाकडे वळला.

५

"सगळ्यांना इथेच बोलवा," फौजदारबाई म्हणाल्या. "आणि काकू, पिंपाच्या तळाचं काय करता तुम्ही?"

"तळाची दोन बोटं कधीच कढईत घालत नाही. गाळ असतो. पिंपातच आहे अजून."

थोरला आला, धाकटा आला, पहारेकरी दारात उभा राहिला. काकूनं रबरी हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, आणि पिंप तिरकं करून तळाचं पाणी तारेच्या जाळीतून दुसऱ्या बादलीत सोडायला घेतलं. पाणी करडं होतं.

फौजदारबाईंनी शांतपणे बोलायला सुरुवात केली. त्यांच्या आवाजात शंकेला जागा नव्हती.

"ह्या घरात तीन गोष्टी घडल्या. कपाटातून एक वस्तू नाहीशी झाली. सोड्याच्या पाण्यात एक आगंतुक वस्तू आली. आणि गार व्हायला हवं ते पिंप कोमट राहिलं. तुम्ही तिघांनी तीन वेगळी कारणं दिलीत. चोर, भेसळ, म्हातारे हात. मला वाटतं कारण एकच आहे. जी वस्तू तिथून गेली, तीच इथे आली."

धाकट्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं. "अ‍ॅल्युमिनियम! म्हणून ते पांढरं दाटलं! कॉस्टिकमध्ये अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, वायू सुटतो, प्रचंड उष्णता निघते..."

"आणि वायू पेट घेतो, हो ना?"

"लगेच! ठिणगी पुरते."

"म्हणून खिडक्या सताड उघडायच्या आणि सिगारेट ओढायला लांबच्या भिंतीशी उन्हात जायचं. पाणी फसफसतं, उतू जातं, वाफेबरोबर सोड्याचे कण उडतात. जवळ उभं राहून बघणाऱ्याचा घसा बसतो." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं नाही. "आता वेळ. शनिवारी काकूंनी जाताना हे केलं असतं, तर ती ऊब रविवारीच विरली असती. सोमवारी सातला पिंप कोमट हवं, तर ते रविवारी दुपारी पुन्हा तापायला हवं. रविवारी काकू इथे नव्हत्या. धाकटे सासुरवाडीला होते. पहारेकऱ्याला जेवायला पाठवलं होतं."

"हे सगळं तर्कट आहे," थोरला घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सोड्याचं पाणी दाखवून तुम्ही ठसा दाखवू शकत नाही. तो गेला म्हणजे गेला."

"सगळा नाही," फौजदारबाई म्हणाल्या.

काकूच्या हातातल्या जाळीवर काहीतरी टणकन वाजलं होतं. तिनं ते चिमट्यानं उचललं, बादलीभर स्वच्छ पाण्यात खळबळलं आणि फळीवर ठेवलं. अंगठ्याएवढा पोलादी बोल्ट. सोड्यात तो जसाच्या तसा राहिला होता, फक्त जरा काळवंडला होता.

धाकट्यानं बोल्टाकडे पाहिलं, मग भावाकडे. "दादा?"

"बोल्ट आहे, पण मूठ नाही," फौजदारबाई पुढे म्हणाल्या. "लाकूड ह्या पाण्यात एका दिवसात नाहीसं होत नाही. म्हणजे पाटी बुडवायच्या आधी कोणीतरी मूठ फिरवून काढून घेतली. खरं तर चुलीत घातली असती तरी चाललं असतं. पण माझा अंदाज आहे की ती अजून आहे." आता त्या थोरल्याकडे वळल्या. "ती मूठ तुमच्या वडिलांनी हातानं घासली होती. लिहिलेलं तुम्हाला नको होतं. वडिलांची मूठ नकोशी झाली नव्हती. जमादार तुमच्याबरोबर वर येतील."

थोरला वळला, जिना चढला. त्याच्या मागून जमादार डबा सांभाळत चढले. पाच मिनिटांनी दोघं खाली आले. थोरल्याच्या हातात रुमालात गुंडाळलेली मूठ होती. मधल्या तीस वर्षांत अंगठ्याखाली तिला खळगा पडला होता.

"वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चार महिने मी एकटा राबतोय, कर्त्याचा सगळा भार माझ्यावर, आणि बाबांनी मला सांगितलंसुद्धा नाही की ह्यातलं निम्मंच माझ्या हातात देऊन चाललोय. वाटलं, लिहिलेलंच नसलं तर प्रश्नच मिटला. फेकला असता तर कोणाला तरी सापडला असता."

"आणि काकूवर आळ?"

"तो... ठसा गेला म्हटल्यावर कोणावर तरी येणारच होता."

काकूनं चष्मा काढला. तिचे डोळे कोरडे होते. "कोणावर तरी नाही. माझ्यावर. नीट बोल."

"तुझ्यावर," तो म्हणाला. त्याच्या तोंडून 'तू' निघाल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

६

फौजदारबाईंनी आधी कागद मागवला. पाटीच्या पाठीवर जे लिहिलं होतं ते थोरल्याला शब्दन् शब्द लिहायला लावलं. ते वाचून कुणी, कधी आणि कसं नष्ट केलं, तेही लिहायला लावलं. खाली त्याची सही, धाकट्याची साक्ष, जमादारांची साक्ष. खिळ्यानं ओरखडलेल्या दोन ओळींपेक्षा हा कागद कोर्टात भारी ठरणार, हे वाचून संपेपर्यंत थोरल्यालाही कळलं होतं.

"खोटी फिर्याद हा वेगळा गुन्हा आहे," त्या काकूला म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तर आत्ता बरोबर नेते."

काकूनं कागद दोनदा वाचला, घडी करून कमरेला खोचला. "ते उद्या सांगते. आधी ती कढई."

"कढई ओतून द्यायची ना?" धाकट्यानं विचारलं. "त्यात ठसा विरघळलाय, काकू."

"हजार वड्यांचं तेल आहे त्यात. ओतून कशाला द्यायचं? तुझ्या पुस्तकात मीठ नाही का?" तिनं पदर खोचला. बंदी उठली की नाही हे कोणाला विचारायला ती थांबली नाही. "नवा सोडा जरा जास्तच घाल आणि उकळ. मग मिठाचं कडक पाणी. मीठ आलं की साबणाला पाण्यात राहवत नाही, तो वर येतो. बाकी जे काय आहे ते खालच्या पाण्यात सोड्याबरोबर बसतं. दोनदा धुतलं की साबण स्वच्छ."

धाकट्यानं क्षणभर मनातल्या मनात समीकरण मांडलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. जादा सोड्यात अ‍ॅल्युमिनियम खालीच राहील."

"मला ठाऊक आहे बरोबर आहे ते. जा, मीठ आण."

थोरला दाराशी उभा होता, जावं की थांबावं हे न कळून. काकूनं खुंटीवरचा जाड एप्रन काढला, हातमोजे काढले आणि त्याच्या अंगावर टाकले.

"मला?" तो म्हणाला.

"मी गेल्यावर हे कोण करणार? मशीन यायला अजून वेळ आहे. आणि आज ह्या कढईत जे बिघडलंय ते तू घातलंयस. चष्मा लाव. ढवळायचं वल्हं दोन्ही हातांनी धर. तळ लागू द्यायचा नाही, आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

त्यानं एप्रन बांधला. गाठ मागे बांधता येईना, ती धाकट्यानं बांधली. कढई तापत गेली. काकू मिठाचं पाणी डावाडावानं सोडत होती, आणि थोरला ढवळत होता. शर्टाची इस्त्री केव्हाच उतरली होती. बऱ्याच वेळानं त्या करड्या, चिकट लगद्याला भेगा पडल्या. मग वल्ह्याभोवती दह्यासारखे पांढरे गोळे फुटून वर यायला लागले, आणि खाली काळसर पाणी वेगळं दिसू लागलं.

"आलं," थोरला थांबून म्हणाला. "काकू, बघ, वर आलं."

"दिसतंय मला," काकू म्हणाली. "तू ढवळ."